विरळ हवा आणि फुप्फुसांतील रोहिणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कोलोराडो या संस्थानात साउथ पार्क नावाचे एक विस्तीर्ण पठार आहे. भोवती रॉकी पर्वताच्या रांगा, मध्ये गवताळ कुरणे, आणि उंची समुद्रसपाटीपासून नऊ-दहा हजार फूट. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट आहे. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर जवळजवळ दुसरी कळसूबाई रचावी, त्या वेळी कोठे या कुरणांची पातळी गाठता येईल. वसाहतवाल्यांनी तेथे खालच्या मैदानांतील गुरे आणून चरावयास सोडली. बहुतेक जनावरे तेथे चांगली पोसली. परंतु मधून मधून काही जनावरे अशी निघत, की काही महिन्यांतच त्यांची तकाकी जाई, ती कळपाच्या मागे रेंगाळू लागत, आणि मग त्यांच्या गळ्याखालच्या पोळीत व छातीच्या पुढल्या भागात पाणी उतरून तो भाग भरल्या पखालीसारखा लोंबू लागे. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगत, ढाळ लागत, आणि शेवटी जनावर आडवे पडे. गुरांच्या छातीच्या त्या भागास इंग्रजीत ब्रिस्केट म्हणतात. त्यावरून या दुखण्यासही ‘ब्रिस्केटचा रोग’ असेच नाव पडले.

कोलोराडोच्या शेतकी कॉलेजातील ग्लोव्हर व न्यूसम या दोघा पशुवैद्यांनी १९१५ साली या रोगावर एक पत्रिका प्रसिद्ध केली. हा उंचीवरचा जलोदरासारखा विकार आहे, विरळ हवेत जनावराचे हृदय थकून जाते, आणि आजारी जनावर वेळीच खालच्या मुलखात नेले तर ते बहुधा वाचते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सांगितलेला उपाय पूर्ण बरोबर होता. निदान मात्र अर्धेच बरोबर होते. हृदय थकत होते हे खरे. परंतु हवा आणि हृदय यांच्या मध्ये फुप्फुसांतील बारीक रोहिणींचे एक जाळे पसरलेले आहे, आणि सारा अनर्थ तेथे घडत होता. ही गोष्ट ध्यानात यावयास पुढे जवळजवळ अर्धे शतक लोटले. त्या शोधाची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. ती सांगण्याजोगी वाटते याचे कारण असे, की शरीराची एक अत्यंत शहाणपणाची सवय, स्थळ आणि काळ बदलताच, जिवावर कशी उठते, याचे तिच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम शरीररचनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपले हृदय म्हणजे पाठीला पाठ लावून बसविलेले दोन पंप होत. उजवा पंप शरीरातून परत आलेले, प्राणवायू खर्ची पडलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून ताजे होऊन आलेले रक्त सर्व शरीरभर पाठवितो. उजवीकडचे रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येते ही गोष्ट तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब हकिमाने लिहून ठेवली होती, आणि रुधिराभिसरणाचे सबंध चक्र विल्यम हार्वे याने १६२८ साली सिद्ध केले. दोन्ही पंपांतून दर मिनिटास सारखेच रक्त जाते. परंतु त्यांना पडणारे श्रम सारखे नसतात. डाव्या पंपाचे काम खोल विहिरीतून मोट ओढण्यासारखे आहे. रोहिणींतील त्याचा सरासरी दाब पाऱ्याच्या नव्वद मिलिमीटरांच्या आसपास असतो. उजव्याचे काम सपाट शेतात पाटाचे पाणी सोडण्यासारखे आहे. फुप्फुसांच्या रोहिणीत सरासरी दाब बारा ते पंधरा मिलिमीटरच असतो. त्यामुळे उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, आणि फुप्फुसांतील अगदी बारीक रोहिणींच्या भिंतींत स्नायू जवळजवळ नसतोच. हे सर्व यंत्र हलक्या कामासाठी बांधलेले आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता इतिहासाकडे वळू. उंच डोंगरावर माणसाला काहीतरी होते, हे पर्वतवासी लोकांना पूर्वीपासून ठाऊक असले पाहिजे. पण त्याचे कारण हवेत शोधणाऱ्या आरंभीच्या लेखकांत होसे दे आकोस्ता या स्पॅनिश जेझुइट धर्मोपदेशकाचे नाव अग्रगण्य आहे. पेरू देशातील पारियाकाका नावाचा घाट ओलांडताना त्याला अशा भयंकर ओकाऱ्या झाल्या, की आता प्राणच जातो असे त्याला वाटले. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असा तर्क केला, की तेथील हवा मनुष्याच्या श्वासोच्छ्वासास मानवणार नाही इतकी सूक्ष्म व पातळ असावी. हवेला वजन असते हे सिद्ध करणारे टोरिचेल्लीचे पाऱ्याचे यंत्र त्यानंतर अर्ध्या शतकाने निघाले, आणि प्राणवायूचा शोध तर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाने लागला, हे पाहता त्या धर्मोपदेशकाच्या निरीक्षणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या तर्काला प्रयोगाचा आधार पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिला. हवेचा दाब कमी-अधिक करता येईल अशा बंदिस्त कोठीत प्राणी व माणसे, आणि प्रसंगी स्वतःसही, बसवून त्याने १८७८ साली एक प्रचंड ग्रंथ लिहिला. पर्वतावरच्या हवेत प्राणवायूचे शेकडा प्रमाण खालच्याइतकेच, म्हणजे सुमारे एकवीस असते. परंतु सबंध हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्राणवायूचा दाबही त्याच मानाने उतरतो, आणि सर्व पीडेचे मूळ त्यात आहे, हे त्याने निर्विवाद ठरविले. पुढे १८९० साली फ्रान्स्वा व्हियो हा दुसरा फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूतील मोरोकोचा या खाणींच्या गावी गेला. हे गाव ४५४० मीटर उंचीवर आहे. तेथे त्याला असे आढळले, की उंचीवर राहणाऱ्याच्या रक्तातील तांबड्या पेशींची संख्या वाढते. शरीर टंचाईला तोंड देते, केवळ सोशीत बसत नाही, हे त्यामुळे उघड झाले. तेव्हापासून बराच काळ शास्त्रज्ञांची दृष्टी रक्तावर खिळून राहिली. ते रक्त ज्या नळ्यांतून वाहते, त्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

या प्रश्नाला लवकरच एक निराळे आणि काहीसे कटू वळण लागले. जोसेफ बारक्रॉफ्ट हा केंब्रिजचा नामांकित शरीरशास्त्रज्ञ १९२१-२२ च्या हिवाळ्यात सहकाऱ्यांसह पेरूतील सेरो दे पास्को येथे गेला. हेही खाणींचेच गाव, चार हजार मीटरांहून बरेच उंच. बारक्रॉफ्ट हा सुखासनावर बसून सिद्धांत मांडणारा मनुष्य नव्हता. १९२० साली प्राणवायू कमी केलेल्या काचेच्या खोलीत तो स्वतः सहा दिवस राहिला होता. परंतु पेरूहून परतल्यावर १९२५ च्या ग्रंथात त्याने असे मत दिले, की उंचीवर राहणारी सर्वच माणसे शरीराने व बुद्धीने उणी असतात. लाखो लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांवर एका वाक्यात दिलेला हा निकाल होता. ज्या लोकांच्या पूर्वजांनी त्याच पर्वतांवर इंका साम्राज्याचे रस्ते बांधले, शेतीचे सोपान रचले, आणि ज्यांचे वंशज त्या क्षणीही जमिनीखाली तांबे व चांदी खणीत होते, त्यांच्याविषयी हे लिहिले गेले होते.

लिमा येथील कार्लोस मोंहे या वैद्याने हा निकाल मान्य केला नाही. पाहुण्याला लागलेल्या धापेने यजमानाची छाती मोजता येत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. पर्वतावरचा मनुष्य हा बिघडलेला मैदानी मनुष्य नव्हे. त्याचे शरीर निराळ्या हवेशी निराळा करार करून राहते, आणि त्याचे माप त्याच्याच भूमीवर घेतले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. परंतु मोंहेचा मोठेपणा असा, की हा करार कधी कधी मोडतो हेही त्यानेच जगाला सांगितले. काही पर्वतवासी माणसे वर्षानुवर्षे तेथे राहून एकाएकी त्या हवेला पारखी होतात. त्यांचे ओठ निळे-जांभळे पडतात, डोळे लाल होतात, रक्त अतिशय दाट होते, डोके दुखते, झोप उडते. त्यांना लिमास समुद्रकाठी आणले की ती सुधारतात, आणि पुन्हा वर गेली की पुन्हा आजारी पडतात. १९२८ साली वर्णन केलेला हा रोग आज मोंहेच्या नावाने ओळखला जातो. अभिमान आणि सत्य यांची गाठ पडली असता सत्याला बाजूस न सारणारे संशोधक विरळा. मोंहे त्यांपैकी एक होता. त्याच्या प्रेरणेने पुढे लिमा येथे आंडीज पर्वतावरील जीवनाच्या अभ्यासासाठी एक संस्थाच निघाली, आणि आपल्या कथेतील महत्त्वाचा भाग तिच्या परिसरात घडला.

तो सांगण्यापूर्वी स्वीडनमधील मांजरांच्या प्रयोगाकडे जाणे भाग आहे. गुदमरलेल्या प्राण्याच्या फुप्फुसरोहिणीतील दाब वाढतो, असे ब्रॅडफर्ड व डीन या दोघा इंग्रजांनी १८९४ सालीच नमूद केले होते. पण त्या निरीक्षणाचा अर्थ कोणी नीट लावला नव्हता. १९४६ साली स्टॉकहोम येथील उल्फ फॉन ऑयलर व येरान लिल्येस्ट्रांड यांनी बेशुद्ध केलेल्या मांजरांना सुमारे दहा टक्केच प्राणवायू असलेली हवा दिली, आणि फुप्फुसरोहिणीतील दाब मोजला. तो चढला. पुन्हा चांगली हवा दिली, तो उतरला. यात नवल कोणते, असे वाचक विचारतील. नवल असे, की शरीराच्या इतर सर्व भागांत याच्या नेमके उलट घडते. धावताना मांडीच्या स्नायूंत प्राणवायू कमी पडला, की तेथील रोहिणी रुंदावतात आणि अधिक रक्त येऊ देतात. भुकेल्याला अधिक वाढावे, हाच तेथील न्याय. फुप्फुसांत मात्र जेथे प्राणवायू कमी, तेथील रोहिणी आवळून येतात.

या उलट्या वागणुकीत किती शहाणपण आहे, ते ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनी दाखविले. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत. कफ साचल्याने किंवा अन्य कारणाने त्यांपैकी काहींत हवा पोचेनाशी झाली, तर तेथे जाणारे रक्त प्राणवायू न घेताच परत फिरेल आणि चांगल्या रक्तात मिसळून सर्वच नासवील. मळ्यात दारे धरणारा माणूस जसा नापीक वाफ्याचे दार मातीने बंद करून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवितो, तशीच ही व्यवस्था होय. जेथे हवा नाही, तेथले दार लहान करावे, आणि रक्त हवेशीर कोशांकडे वळवावे. यासाठी मेंदूच्या हुकुमाचीही गरज पडत नाही; शरीराबाहेर काढून वेगळ्या ठेवलेल्या त्या रोहिणींच्या स्नायुपेशीदेखील प्राणवायू कमी झाला की आखडतात, असे पुढे दिसून आले. गर्भावस्थेत तर हीच सवय जीवनाचा आधार असते. पोटातल्या बाळाची फुप्फुसे हवेविना असतात, म्हणून त्यांच्या रोहिणी आवळलेल्या व जाड असतात, आणि बहुतेक रक्त त्यांना वगळून जाते. जन्मानंतरच्या पहिल्या श्वासाबरोबर त्या सैल पडू लागतात, आणि पुढे हळूहळू पातळ होतात.

परंतु मळ्यातले सगळेच वाफे एकदम नापीक ठरले तर? दारे धरणारा इमानी नोकर आपल्या नियमाप्रमाणे प्रत्येक दार अर्धवट बंद करील. वळवावयास दुसरीकडे जागा नसल्याने पाणी पाटात तुंबेल, आणि बांध फुटावयाची वेळ येईल. उंच पर्वतावर नेमके हेच होते. तेथे एका कोपऱ्यात नव्हे, तर साऱ्याच वायुकोशांत प्राणवायू कमी असतो. साऱ्याच रोहिणी आवळतात, आणि हलक्या कामासाठी बांधलेल्या उजव्या पंपावर न पेलणारे ओझे पडते.

हे ओझे जिवंत माणसात मोजावयाचे तर हृदयापर्यंत पोचले पाहिजे. वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने १९२९ साली स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक रबरी नळी हृदयापर्यंत सरकवून तो मार्ग खुला केला. न्यूयॉर्क येथे कूर्नां व रिचर्ड्‌स यांनी त्या युक्तीचे शास्त्र बनविले, आणि १९४७ साली कूर्नां व त्याच्या सहकाऱ्यांनी कमी प्राणवायूच्या हवेने माणसाच्याही फुप्फुसरोहिणीतील दाब चढतो हे दाखविले. या तिघांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही नळी आता पेरूच्या पर्वतावर गेली. दान्ते पेन्यालोसा व त्याच्या सहकाऱ्यांनी मोरोकोचा येथे जन्मलेल्या निरोगी माणसांचे दाब मोजून १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध केले. लिमातील माणसांचा सरासरी दाब १२ मिलिमीटर निघाला, मोरोकोचातील माणसांचा २८. ही माणसे आजारी नव्हती. ती खाणीत काम करीत, चेंडू खेळत. श्रम करताना हा दाब दुपटीवर जाई. त्यांना प्राणवायू हुंगावयास दिला तेव्हा दाब थोडा उतरला. पण समुद्रकाठच्या पातळीवर काही आला नाही. याचा अर्थ उघड होता. केवळ रोहिणी आवळल्या असत्या, तर प्राणवायू मिळताच त्या मोकळ्या झाल्या असत्या. येथे नळ्यांची बांधणीच बदलली होती.

हे बदललेले रूप हावियेर आरियास-स्तेया व मान्वेल साल्दान्या यांनी १९६३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. अपघाताने मेलेल्या पर्वतवासी माणसांची फुप्फुसे त्यांनी तपासली. समुद्रकाठच्या प्रौढ माणसात ज्या बारीक रोहिणींच्या भिंतींत स्नायू जवळजवळ नसतो, त्या येथे स्नायूच्या कड्यांनी वेढलेल्या होत्या. जणू गर्भातली जाड रोहिणी जन्मानंतर पातळ व्हावयाची राहूनच गेली होती. मैदानातून वर गेलेल्याच्या फुप्फुसांतही कालांतराने असेच काही घडते. पहिल्या काही मिनिटांत रोहिणी नुसती आवळते. टंचाई दिवसांमागून दिवस चालू राहिली, की तिच्या भिंतीतील स्नायुपेशी वाढू लागतात, पूर्वी स्नायू नव्हता त्या बारीक नळ्यांवरही त्या पसरतात, बाहेरचे आवरण तंतूंनी जाड होते, आणि आतली पोकळी अरुंद होत जाते. त्यात रक्त दाट झालेले असते. उजवा कप्पा या अडथळ्याशी झुंजून जाड होतो. आणि झुंज न पेलली, तर फुगून थकतो.

मात्र या वृत्तांतात आशेचे एक वाक्य आहे. मोरोकोचाच्या माणसांपैकी काही जण लिमास येऊन राहिले, तेव्हा दोन वर्षांनी पुन्हा मोजलेला त्यांचा दाब समुद्रकाठच्या माणसासारखा झालेला आढळला. जन्मापासून जाड झालेली भिंतही हवा बदलताच पातळ होऊ शकते! बारक्रॉफ्टच्या निकालाला याहून चांगले उत्तर कोणते असेल? पर्वतावरच्या मनुष्याने एक भार उचललेला होता हे खरे. पण भार उचलणे म्हणजे उणे असणे नव्हे, आणि भार उतरताच त्याची पाठ सरळ झाली.

याच सुमारास कोलोराडो व यूटा येथील संशोधकांनी साउथ पार्कच्या गुरांचे जुने कोडे नव्या साधनांनी हाती घेतले. सुजलेल्या जनावरांच्या फुप्फुसरोहिणीतील दाब अतोनात वाढलेला होता, बारीक रोहिणींच्या भिंती जाड झालेल्या होत्या, आणि उजवा कप्पा फुगून निकामी झाला होता. गाईच्या फुप्फुसांतील रोहिणी स्वभावतःच जाड स्नायूच्या असतात, त्यामुळे टंचाईला त्या फार जोराने उत्तर देतात. उलट आंडीजमधील लामा या प्राण्याच्या रोहिणी पातळ असतात आणि त्याला असा रोग होत नाही. कळपातील काहीच जनावरे का मरत, याचेही उत्तर मिळाले. ही उत्तर देण्याची तीव्रता आईबापांकडून वारशाने येते. म्हणून त्या भागातले पशुपालक आता वळू निवडण्यापूर्वी त्याच्या फुप्फुसरोहिणीतील दाब मोजून घेतात.

येथवरची कथा आपल्याला दूरच्या देशांची वाटेल. परंतु १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी तीच आपल्या दारी आली. मैदानातील छावण्यांतून हजारो जवान अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यांपैकी कित्येकांस दोन-तीन दिवसांतच खोकला, धाप, तोंडाला फेस असा विकार झाला. फुप्फुसांत पाणी भरण्याचा हा रोग युरोपात अगदीच अपरिचित नव्हता. १८९१ साली माँ ब्लां पर्वतावरील वेधशाळेत जाकोते नावाचा एक तरुण डॉक्टर असाच मृत्यू पावला होता. परंतु त्यास फार काळ न्यूमोनियाच समजत. १९६० साली चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन गिर्यारोहक वैद्याने हे जंतूंचे काम नसून उंचीचे आहे असे लिहिले, आणि इंदर सिंग व त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९६५ साली हिमालयातील भारतीय जवानांचा अनुभव जगापुढे मांडला. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सुजय रॉय प्रभृतींनी अशा रुग्णांचे दाब मोजले. ते फुप्फुसरोहिणीत चढलेले आणि हृदयाच्या डाव्या बाजूस मात्र साधारण होते. दारे काही ठिकाणी फारच आवळली, म्हणजे उरलेल्या वाटांनी रक्त जोराने घुसते आणि नाजूक केशवाहिन्या पाझरू लागतात, असे आज मानले जाते.

हा झाला तीव्र प्रकार. दीर्घ टंचाईचा प्रकार तर साउथ पार्कच्या गुरांची हुबेहूब आठवण करून देतो. १९९० साली इंदर आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस भारतीय जवानांची हकीकत प्रसिद्ध केली. हे जवान ५८०० ते ६७०० मीटर उंचीवर कित्येक आठवडे राहिले होते. त्यांना धाप लागे, पाय व पोट सुजे, आणि तपासणीत हृदयाची उजवी बाजू फुगलेली आढळली. खाली आणल्यावर ते बरे झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९८८ साली, ल्हासा येथील पंधरा अर्भकांचा वृत्तांत छापला गेला होता. ती बहुतेक सखल चीनमध्ये जन्मून आईबापांबरोबर त्या उंचीवर आलेली होती. त्यांच्या बारीक रोहिणी स्नायूने जाड झालेल्या आणि उजवा कप्पा फुगलेला आढळला. पण ही तपासणी मृत्यूनंतरची होती. जवानाला खाली आणणारे हेलिकॉप्टर होते. त्या तान्ह्यांचे दुखणे काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. शोधाला लागलेल्या उशिराची किंमत अशी मोजावी लागते.

मग त्या उंचीवर शतकानुशतके नांदणाऱ्यांचे काय? १९८६ साली याच आनंद यांनी व काही युरोपीय संशोधकांनी लडाखमध्ये याक, गाई आणि त्यांची संकरित संतती यांचे दाब मोजले. याकच्या रोहिणी पातळ व दाब कमी. त्याच उंचीवरच्या गाईंचा दाब अधिक. आणि याक व गाय यांच्या संकरापासून झालेला, लडाखी ज्याला झो म्हणतात, तो पशू याकवर गेलेला. लडाखचा शेतकरी झोला औतास जुंपतो तो उगीच नव्हे! १९९३ साली ल्हासा येथे पाच निरोगी तिबेटी पुरुषांचे दाब मोजले, तेव्हा ३६५८ मीटरांवरही ते समुद्रकाठच्या माणसाइतकेच, सरासरी १५ मिलिमीटर निघाले. सहस्रावधी वर्षांच्या वास्तव्यात तिबेटी लोकांनी आणि याकांनी जे मिळविले, ती नवी शक्ती नव्हे. एका जुन्या सवयीचा त्यांनी जवळजवळ त्याग केला आहे. सगळेच वाफे सारखे असतील, तेथे दारे धरणाऱ्याने स्वस्थ बसावे, हा धडा त्यांच्या रोहिणी शिकल्या.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. या रोगास पर्वत लागतोच असे नाही. फुप्फुसे दीर्घ आजाराने जीर्ण झाली, की सपाटीवरही वायुकोशांत प्राणवायूची टंचाई पडते, रोहिणी आवळून जाड होतात, आणि उजवे हृदय थकते. डॉ. एस्. पद्मावती यांनी १९५९ साली दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट क्वचितच ओढणाऱ्या बायकांत हा रोग पुरुषांच्या बरोबरीने दिसत होता, आणि त्यांचा संशय लाकूड व शेणी यांच्या चुलीच्या धुराकडे वळला. फुंकणीने चूल फुंकता फुंकता खोकणारी आजी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेली आहे. तिच्या पायांना येणारी सूज म्हातारपणाची म्हणून सोडून दिली गेली असेल. ती कोणत्याही पर्वतावर चढली नव्हती. पर्वतच तिच्या स्वयंपाकघरात आला होता. अशा रुग्णांना रोज पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू दिल्यास त्यांचे आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन परीक्षांनी ठरले. परंतु त्याहून स्वस्त आणि आधी करावयाचा उपाय म्हणजे धुराला घराबाहेर काढणे हा होय.

आकोस्ताच्या घाटापासून चुलीपर्यंतच्या या प्रवासात शास्त्राने पुष्कळ मिळविले. आज या रोहिणी सैल करणारी औषधे आहेत, आणि तिबेटी रक्तातील कोणत्या जनुकांनी त्यांना तारले याचाही शोध २०१० पासून बराच पुढे गेला आहे. तरी मूळ उपाय अजून तोच आहे, जो कोलोराडोत १९१५ साली सांगितला गेला : सुजलेल्या जिवाला वेळीच खाली न्यावे, जेथे हवा पुरेशी आहे तेथे. आपल्या भाषेने विषावरच्या औषधाला आणि डोंगराच्या उतरणीला जवळजवळ एकच शब्द योजून ठेवला आहे. या रोगावरचा उतारा हा खरोखरीच उतार आहे. ज्याला तो उतरता येत नाही, त्याच्यापर्यंत हवा नेऊन पोचविणे हे मात्र इतरांचे काम होय.